रडण्याचे सहा ठोके

यादव आहेर सरांना रडता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर सिडकोतल्या निदान दोनशे आयांनी त्याला वेड्यात काढलं असतं. त्यांच्या पोरांना रडायला शिकवलं कुणी? सरांनीच. मैदानावर रांगेत उभं करून, एक हात अंतर घ्यायला लावून, शिट्टीवर. पण दोन हजार दोनच्या नोव्हेंबरात सरांची बायको आशा गेली, आणि सरांच्या डोळ्यांतून थेंब आला नाही. पहिल्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतानाही नाही. लोक बघत होते. सरही बघत होते स्वतःकडे, जरा लांबून.

हे नीट कळायचं तर आठ वर्षं मागं जायला हवं.

सर मुळात पी.टी.चे. छाती बेताची, पण ‘सावधान’ म्हणाले की शाळेसमोरचा भाजीवालासुद्धा हातगाडी सोडून ताठ व्हायचा. नाटकाशी त्यांचा आधीचा संबंध एवढाच, की लहानपणी गावच्या जत्रेत ते तमाशाच्या तंबूचा दोर धरून उभे होते आणि दोर सुटला होता. त्यावर गावात नंतर बरीच वर्षं बोललं गेलं.

चौऱ्याण्णव साली मुख्याध्यापिका वत्सलाबाईंनी शिक्षकांच्या सभेत जाहीर केलं, “यंदापासून दर शनिवारी नाट्यवर्ग घ्यायचा. ज्यांना आवड आहे त्यांनी हात वर करा.” सगळे एकदम खिडकीबाहेर बघू लागले. सरांना सर्दी झाली होती आणि पंखा बरोब्बर डोक्यावर होता. तो बंद करा म्हणायला त्यांनी हात वर केला.

“वा, आहेर सर!” बाई म्हणाल्या. “मला वाटलंच होतं.”

सरांनी हात खाली घेतला तोवर टाळ्या झाल्या होत्या. पंखा चालूच राहिला.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, “शनिवारपासून मी अभिनय शिकवणार.”

“तुम्ही?” आशाबाई म्हणाल्या. “तुम्हाला पाव्हण्यांकडचा चहा आवडला नाही, एवढं तरी लपवता येतं का?”

पण सर नेमून दिलेल्या कामात कसर ठेवणारे नव्हते. त्यांचा एक पक्का विश्वास होता, की जगातली कुठलीही गोष्ट ठोक्यांत बसवता येते. सूर्यनमस्कार बसतो, लेझीम बसते, मग हसणं-रडणं का नाही? आठवडाभर ते कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले आणि माणसाच्या भावनांची त्यांनी कवायत बांधली. राग तीन ठोक्यांचा. हसणं चार. भीतीचे प्रकार दोन, जागेवरची आणि पळती. आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं, सहा ठोक्यांचं रडणं.

रडण्यावर जोर द्यायला कारण होतं. नाटकं वत्सलाबाई स्वतः लिहायच्या, आणि बाईंच्या प्रत्येक नाटकात दुसऱ्या प्रवेशात आई मरायची. दारूबंदीच्या नाटकात मरायची ते समजू शकतं. वृक्षारोपणाच्या नाटकातही मेली.

“एक!” सर ओरडायचे. नजर खाली. “दोन!” खालचा ओठ दाताखाली. “तीन!” खांदे वर, श्वास आत. “चार!” तोच श्वास बाहेर, पण सरळ नाही, तीन तुकडे करून. “पाच!” उजवा हात पालथा, कपाळाला. “सहा!” पाठ फिरवायची, पण अर्धीच. पुरती पाठ प्रेक्षकांना कधी दाखवायची नाही. आई मेली तरी नाही.

पहिल्या शनिवारी बेचाळीस पोरं एका दमात रडली, तेव्हा समोरच्या बंगल्यातले निवृत्त गृहस्थ चपला न घालता धावत आले. फाटकाशी येऊन हात जोडून हळू आवाजात म्हणाले, “कोण गेलं हो?”

“कुणी नाही. तालीम आहे,” सर म्हणाले. “पोरांनो, विश्राम!”

तिसऱ्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत शाळेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता, ‘मुलांचे रडणे शिस्तबद्ध.’ सरांनी तो कागद फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगला. ही स्तुती नसावी, असं त्यांना सांगायची हिंमत फक्त आशाबाईंना होती, आणि त्या सांगायच्या त्याही हसत. दर स्पर्धेला त्या कालिदास नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसायच्या. आई मरायची, पोरी एक-दोन-तीन करत रडायच्या, सगळं सभागृह गप्प, आणि तिसऱ्या रांगेत एक बाई तोंडात पदर कोंबून गदागदा हलायची. शेजारच्यांना वाटायचं, किती हळवी आहे बिचारी.

“खरं रडताना माणूस इतकं छान दिसत नाही हो,” त्या परतताना स्कूटरवर सांगायच्या. “नाक गळतं. तुमच्या एका तरी पोरीचं नाक गळतं का?”

नाकासाठी सातवा ठोका घालावा का, याचा सरांनी दोन दिवस गंभीरपणे विचार केला. मग स्वच्छतेच्या दृष्टीनं सोडून दिला.

मुलगी तेजस्विनी पाचवीत गेली ती थेट वर्गाच्या पहिल्या रांगेत. सहा ठोके तिच्याइतके कुणाचेच सफाईचे नव्हते. खोट एकच. चौथ्या ठोक्याला श्वासाचे तीन तुकडे पडायला हवेत, तिचे दोनच पडायचे. “चार, तेजू, चार!” सर जेवताना ताटावरून बोट दाखवायचे. “तीन तुकडे!” आणि आशाबाई म्हणायच्या, “पोरीला घास तरी सलग गिळू द्या.” दहावी होऊन तेजू शाळेतून बाहेर पडली तरी चौथा ठोका काही सुधारला नाही.

आणि त्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, आशाबाई सकाळी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेल्या. बाकावर बसल्या दळणाची वाट बघत, आणि बसल्या जागी गेल्या. डॉक्टर मेंदूतल्या कुठल्याशा शिरेबद्दल बोलले. सरांनी ते नीट ऐकून घेतलं आणि ‘बरं’ म्हणाले.

आशाबाईंना घरी आणलं तेव्हा तेजू जी रडली, ते बघून गल्लीतल्या सगळ्या बायकांना हुंदका आवरेना. सर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आत काही हलत नव्हतं. पंगतीत फार वेळ मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येण्याच्या आधी एक वेळ अशी येते, की पाय आपला वाटतच नाही. तसं झालं होतं, पण सगळीकडे. निदान पोरीला तरी रडता येतंय, एवढंच त्यांना वाटलं. तेही वाटलं म्हणजे काय, डोक्यातून एक वाक्य गेलं.

विंचूरहून सासूबाई आल्या, साळूबाई. कांद्याच्या शेतात जन्म गेलेली बाई, चार वावरं पलीकडच्या गड्याला हाक मारायची सवय, त्यामुळे त्यांची कुजबुजही चार घरं ऐकायची. पहिले दोन दिवस त्या समजुतीनं म्हणाल्या, “जावईबापू, रडा वो. मोकळं व्हा.” तिसऱ्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरातून कुजबुजायला लागल्या. “दगूड हाय निस्ता. बायकू वारली तरी यानला काय नाय. माझी आशी वीस वर्सं दगडासंगं नांदली!”

मेव्हणे खंडेराव सज्जन माणूस. त्यांनी सरांना गॅलरीत नेलं. “दाजी, तुम्ही म्हातारीचं मनावर घेऊ नका. पण चार लोक बघत्यात. दहाव्याला आपली सगळी भावकी यायची हाय. थोडं तरी...”

“थोडं तरी काय?”

खंडेरावांनी डोळ्यांपाशी बोट नेऊन हवेतच एक रेघ ओढली.

दहाव्याचा विधी रामकुंडावर झाला. पिंड ठेवला आणि गुरुजींनी हात जोडायला सांगायच्या आत कावळा आला, शिवला आणि गेलाही. आशाबाईंना ताटकळणं कधीच आवडलं नव्हतं. मग माइक आला. शाळेच्या संस्थेचे चिमाजीराव श्रद्धांजलीला उभे राहिले आणि त्यांनी आशाबाईंना ‘पडद्यामागच्या थोर कलावती’ करून टाकलं. आठ वर्षं त्यांनी जुन्या साड्या फाडून राजपुत्रांचे फेटे शिवले, एवढ्या भांडवलावर. बोलणं संपवून ते म्हणाले, “आहेर सरांच्या दुःखाची आपण कल्पनाच करू शकत नाही.” आणि सगळ्यांनी ती करून बघण्यासाठी सरांकडे माना वळवल्या.

सरांनी समोर पाहिलं. घाटाच्या पायऱ्यांवर पायरीच्या वर पायरी, दीडदोनशे माणसं, सगळी त्यांच्याकडे तोंड करून बसलेली. साळूबाई पहिल्याच पायरीवर, हातात पदराचं टोक तयार.

त्यांनी काही ठरवलं नव्हतं. पण कुठूनशी शिट्टी वाजली.

नजर खाली गेली. ओठ दाताखाली गेला. खांदे वर, श्वास आत. श्वास बाहेर आला तो बरोब्बर तीन तुकड्यांत. पालथा हात नुकत्याच भादरलेल्या डोक्याखाली कपाळाला टेकला. आणि सर वळले. अर्धेच.

“रडला गं बाई माझा जावई!” साळूबाईंनी हंबरडा फोडला आणि येऊन त्यांना मिठीच मारली. पायऱ्यांवरून एक मोठा सुस्कारा खाली आला. बायका रडल्या, पुरुषांनी नाकं शिंकरली, खंडेरावांनी लांबूनच मान हलवून ‘झकास’ असं सांगितलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सासूच्या खांद्यावरून सरांना तेजू दिसली. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते. पाच. सहा.

त्या दिवसापासून तेजू त्यांच्याशी बोलेनाशी झाली. म्हणजे भांडण नाही, आदळआपट नाही. ‘डबा भरलाय.’ ‘गॅसवाला आला होता.’ ‘तुमचा फोन.’ सर उत्तरादाखल ‘बरं’ म्हणायचे. तेराव्यानंतर गिरणीवाला सहादू डबा घेऊन आला. अवघडून म्हणाला, “वहिनींचं दळण. झालं होतं त्या दिवशीच.” तेजूनं डबा घेतला आणि त्याच पिठाच्या पोळ्या करायला लागली. सर जेवायचे. पोळी पोळीसारखी लागायची. दोन दिवस ते स्वेटर उलटा घालून शाळेत गेले, तिसऱ्या दिवशी एका मुलानं सांगितलं तेव्हा त्यांनी ‘बरं’ म्हणून तो सुलटा केला. बायको गेली हे त्यांना कळत होतं. कुणी विचारलं असतं तर तारीख, वार, वेळ सांगितली असती. आपण पोरीच्या देखत तिच्या आईच्या दहाव्याला नाटक केलं, हेही कळत होतं. ते तिला सांगून टाकायला हवं होतं. पण सांगायचं काय? मला काहीच होत नाही, हे? सोळा वर्षांच्या पोरीला? हे ऐकून ती उरलेलं ‘डबा भरलाय’ही बंद करेल, याची त्यांना खात्री होती, आणि त्या घरात आवाज म्हणून तेवढाच राहिला होता.

डिसेंबरात स्पर्धेची तालीम सुरू झाली. वत्सलाबाईंनी सरांना आत बोलावून घेतलं, दार लावलं, आणि चष्मा पुसत म्हणाल्या, “सर, या वर्षी आपण आजी मारू. मी बदलते. एका रात्रीचं काम आहे.”

“राहू द्या बाई. आईच मरू द्या. पोरींचे कपडे शिवून झालेत.”

ते आशाबाईंनीच शिवले होते. बाईंनी चष्मा पुन्हा पुसला.

आठवीतल्या सविताला आईसाठी रडायचं होतं. हिला काही केल्या जमेना. मुलगी उंच, सावकाश, ठोक्यामागे ठोका चुकवणारी. तीनला खांदे वर न्यायची ते सहापर्यंत वरच. शेवटी बाईंनी परस्पर तेजूला निरोप धाडला, की शनिवारी येऊन हिला एकदा करून दाखव. वडिलांशी अबोला होता. बाईंना नाही म्हणायची टाप नव्हती.

तेजू आली. वडिलांकडे न बघता मैदानाच्या मध्ये उभी राहिली. सरांनी माकडटोपी नीट केली आणि शिट्टी तोंडात धरली. वाजवायची गरज पडली नाही. तिनं आपणच सुरू केलं.

नजर खाली. ओठ. खांदे. आणि चौथ्या ठोक्याला श्वास बाहेर आला. एक तुकडा. दुसरा तुकडा. आणि तिथंच हात कपाळाकडे निघाला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सविता म्हणाली, “बाप रे, ताई, खरंच वाटलं.” सर मात्र शिट्टी तोंडात धरून तसेच उभे राहिले. हे त्यांनी नुकतंच कुठंतरी पाहिलं होतं. हेच दोन तुकडे. हाच हात. त्या दिवशी, आशाबाईंना घरी आणल्यावर, दाराच्या चौकटीतून. तेव्हा ते मोजत नव्हते, म्हणून कळलं नव्हतं.

“वर्ग सुटला,” ते म्हणाले. शिट्टी तोंडातच होती, त्यामुळे तीही जराशी वाजली.

घरी आल्यावर तेजू म्हणाली, “पीठ संपलंय.” मग रिकामा डबा ओट्यावर ठेवत, “दळण टाकायला हवं.”

“चल.”

स्कूटरवर दोघांच्या मध्ये गव्हाचा डबा. सहादूनं त्यांना बघितलं आणि रांग मोडून डबा आत घेतला. बसायला जागा म्हणजे तो बाकच होता. आधी दोघं उभेच राहिले. मग सर बसले. मग तीही बसली. पट्टा सुरू झाला, गिरणी धडधडायला लागली, पिठाची धूळ दोघांच्या अंगावर उतरू लागली.

“चार नंबरला तुझे अजून दोनच तुकडे पडतात,” सर म्हणाले.

“काय?” गिरणीत काही ऐकू येत नव्हतं.

“दोन तुकडे!” सर ओरडले. “आज पण! आणि त्या दिवशी घरी पण! दोनच!”

तेजूनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, महिनाभरात पहिल्यांदाच. “तुम्हाला कळलं होतं?”

“आज कळलं!”

“तुमचं मला तिथंच कळलं! घाटावर!” तीही ओरडत होती. “नाक कोरडं होतं तुमचं!”

“मला रडू येत नव्हतं! आजी मागं लागली होती, मग मी...”

“मला वाटलं, तुम्ही माझी नक्कल करताय! मला वाटलं, तुम्ही घरीच ओळखलं आणि घाटावर मला दाखवताय, की बघ, असं केलंस तू!” तिनं नाकावरचं पीठ पुसलं. “सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या! आई तिथं, आणि मला काही होतच नव्हतं! मला रडूच येत नाही, पप्पा!”

नेमका तेव्हा सहादूनं पट्टा थांबवला. शेवटचं वाक्य गिरणीभर फिरून आलं. रांगेतल्या चार बायका डबे धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. सहादूनं एकवार बापलेकीकडे पाहिलं, जात्यात काही नसताना खटका परत खाली ओढला, आणि गिरणी रिकामीच धडधडू लागली.

“मलाही नाही येत,” सर म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत, पण तिला कळलं असावं. ती बाकावर थोडी सरकली. त्यांच्या बाजूला. दोघांचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. रडले असते तर पिठाच्या रेघा उमटल्या असत्या. नाही उमटल्या.

पुढच्या शनिवारी सरांनी सविताला बाजूला घेतलं. “तू असं कर, पोरी. काहीच करू नकोस.”

“म्हणजे कसं सर?”

“आई गेली असं सांगितलं की नुसती उभी राहा. मनात सहा मोज. मग तुझं पुढचं वाक्य म्हण.”

“रडायचं नाही?”

“नाही.”

“मला जमेल ते,” सविता म्हणाली. तिला इतकं हायसं वाटलं, की खांदे आपोआप खाली आले.

जानेवारीत कालिदासला दुसऱ्या प्रवेशात रिवाजाप्रमाणे आई मेली. सविता हात लोंबते सोडून मध्यभागी उभी राहिली. विंगेत वत्सलाबाईंना वाटलं पोरगी वाक्य विसरली, आणि त्या मोठ्यानं कुजबुजल्या, “सविता! ‘आता दिवा कोण लावणार!’” ते पार बाल्कनीपर्यंत गेलं. सविता हलली नाही. सहा मोजले, मग म्हणाली, “आता दिवा कोण लावणार.” प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. नाटक पुढं गेलं.

बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थही नाही. परीक्षकांचा कागद सरांनी बाहेर दिव्याखाली वाचला. ‘दुःखाच्या प्रसंगात मुख्य पात्राचा अभिनय कमी पडला.’ घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला. थंडी चांगलीच होती. तेजू तिसऱ्या रांगेत बसली होती. ती येऊन स्कूटरपाशी उभी राहिली.

“हा पण टांगणार का?” तिनं विचारलं.

“बघू.”

सरांनी दोनदा किक मारली. स्कूटर चालू झाली नाही.

“आई हसली असती का हो?”

सरांनी किकवर पाय तसाच ठेवून नीट विचार केला. “हसली असती.”

“कितव्या ठोक्याला?”

“दुसऱ्याच,” ते म्हणाले, आणि तिसरी किक मारली.